चॅनेलच्या कडेला डायव्हिंग: वर येताना जहाज आलं तर काय करायचं?

खोलपाणी:
आम्ही चौघं दर शनिवारी एका बुडालेल्या बार्जवर (सपाट तळाच्या मालवाहू नावेवर) डाइव्ह करतो. खोली १८ मीटर. बंदरात शिरणाऱ्या चॅनेलचा, म्हणजे मोठ्या जहाजांच्या वाटेचा, बोया (तरंगती खूण) तिथून जेमतेम ३०० मीटरवर. गेल्या वेळी ५ मीटरवर सेफ्टी स्टॉप (वर येताना शरीरातला नायट्रोजन निघून जावा म्हणून घ्यायचा थांबा) घेत होतो आणि अचानक छातीत घरघर सुरू झाली. कानात नाही, छातीत. आवाज कुठून येतोय ते कळेना. मी डावीकडे बघतोय, जोडीदार उजवीकडे. वर आलो तेव्हा एक कंटेनर जहाज चॅनेलमधून पुढं गेलं होतं आणि आमची बोट त्याच्या लाटेवर हेलकावे खात होती.

बोटीवर लाल झेंडा, त्यावर पांढरा तिरका पट्टा. जहाज बंदरात आणणाऱ्या पायलटला तो दिसतो का? आणि घरघर ऐकू आली तर वर यायचं की खालीच थांबायचं?

दोरशिडी:
बावीस वर्षं हार्बर पायलट आहे. तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला.

झेंड्याचं आधी सांगतो. लाल-पांढरा झेंडा डायव्हर मंडळींमध्ये चालतो, पण जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संकेतात ‘खाली पाणबुड्या आहे, लांबून आणि सावकाश जा’ असं सांगणारा झेंडा निळा-पांढरा अल्फा आहे. तो कापडाचा नको. वारा पडला की काठीला चिकटतो आणि काहीच दिसत नाही. पत्र्याचा किंवा प्लायवूडचा, निदान १ मीटर उंच, चहूबाजूंनी दिसेल असा लावा. रात्री एकाखाली एक लाल, पांढरा, लाल दिवे.

पण झेंडा दिसला म्हणून मी थांबू शकेन असं धरून चालू नका. मोठ्या जहाजाच्या नाळेपुढचं (पुढच्या टोकापुढचं) ५०० मीटरपर्यंतचं पाणी ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, दिसत नाही, आणि ते नियमात बसतं. चॅनेलमध्ये वळायला जागा नसते. फुल अस्टर्न दिलं, म्हणजे पूर्ण जोर उलटा लावला, तर नाळ एका बाजूला फिरते, जहाज चॅनेल सोडतं, कदाचित तुमच्याच अंगावर. फार हळूही जाता येत नाही, कारण वेग गेला की सुकाणू ऐकत नाही.

आता तुमचा सेफ्टी स्टॉप. तीन मिनिटं. दहा नॉटनं येणारं जहाज तेवढ्या वेळात ९०० मीटरहून जास्त अंतर कापतं. म्हणजे तुम्ही ५ मीटरवर पोचलात तेव्हा जे जहाज लांब होतं, ते स्टॉप संपेपर्यंत डोक्याशी येतं. त्याचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालचा भाग, १४ मीटर असेल तर ५ मीटरवरचा माणूस पाण्याखाली असूनही जहाजाच्या उंचीतच आहे.

एकदा नाळेपुढं डायव्हर वर सोडतात तसा नारिंगी मार्कर बोया दिसला आणि नजरेआड गेला. इंजिन थांबवलं, तरी पंखा लगेच थांबत नाही, पाण्याच्या ओघानं फिरत राहतो. ब्रिजच्या कडेच्या सज्जावर जाऊन पाण्याकडे बघत उभा राहिलो. बोया मागे बाजूला वर आला, त्याच्यापासून थोड्या अंतरावर दोन डोकी. तो नारिंगी ठिपका अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून घरघर ऐकू आली तर वर येऊ नका. हवा शिल्लक असेल तोवर खोलच राहा आणि कंपास बघून चॅनेलपासून दूर सरका. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच पोचतो, त्यामुळे दिशा कानावर सोडू नका. प्रत्यक्ष चॅनेलमध्ये मात्र तळही सुरक्षित नाही. उथळ पाण्यात वेगानं जहाज आणखी खाली बसतं आणि कीलखाली (तळाच्या कण्याखाली) कधी दीड-दोन मीटरच उरतात.

तळघासणी:
मी जहाजांचे तळ साफ करणारा पाणबुड्या. धक्क्याला बांधलेल्या जहाजाजवळ हौशी लोक येतात ते बघून जीव घाबरा होतो. थांबलेलं जहाज निर्धोक नसतं. बो थ्रस्टर (नाळ बाजूला ढकलणारा पंखा) केव्हाही चालू होतो आणि इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या जाळीवर हातमोजा चिकटला तर सुटता सुटत नाही. आम्ही उतरण्याआधी चीफ इंजिनिअरबरोबर थ्रस्टर आणि मुख्य इंजिन बंद करून टाळं लावतो, ब्रिजवर पाटी टांगतो. टाळ्याची किल्ली वर थांबणाऱ्या आमच्या माणसाच्या खिशात. ती त्याच्या हातात बघितल्याशिवाय मी मास्क लावत नाही.

खोलपाणी:
दोघांचेही आभार. आज पहिल्यांदाच बंदराच्या कंट्रोलला फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शनिवारी १०.४० ते १२.१५ एकही मोठं जहाज नाही. त्याच वेळात उतरतोय. बोटीवर एक माणूस व्हीएचएफ रेडिओ ऐकत बसेल. अल्फाची पाटी रंगवायला घेतलीय.

दोरशिडी:
उतरण्याआधी त्यांना पुन्हा विचारा, जहाजांच्या वेळा ऐनवेळी बदलतात. शनिवारी माझी पाळी आहे, १२.३० चं जहाज मीच आणतोय. चौघंही बोटीत आलात की मोजून कंट्रोलला कळवा. तो निरोप येईपर्यंत मी जहाज चॅनेलच्या तोंडाबाहेर थांबवून ठेवतो.