बॅच फाइलमधून अ‍ॅक्सेसला शाखेचा संकेतांक कसा पाठवावा?

प्रश्न: आमच्या पतसंस्थेचा मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमधील डेटाबेस बॅच फाइलने (आदेश लिहिलेल्या मजकूर फाइलने) उघडतो. त्याच वेळी शाखेचा संकेतांक आत पाठवता येईल का?

उत्तर: येईल. प्रोग्रॅमचा मार्ग आणि डेटाबेसचा मार्ग अवतरणचिन्हांत लिहून सर्वांत शेवटी ‘स्लॅश सीएमडी’ (/cmd) व संकेतांक द्यावा. इतर पर्याय त्याआधीच यायला हवेत. अ‍ॅक्सेसच्या व्हीबीए या प्रोग्रॅमिंग भाषेतील ‘कमांड’ फंक्शन तो मजकूर परत देते. ते वापरणारे आपले फंक्शन डेटाबेस उघडताच आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक मॅक्रोतील ‘रनकोड’ या क्रियेने चालवावे, तेथे सब (मूल्य परत न देणारी प्रोसीजर) चालत नाही.

दुसरे उत्तर: आदेशाआधी ‘स्टार्ट’ लिहिल्यास अवतरणचिन्हांतील पहिला मजकूर खिडकीचे शीर्षक समजला जातो, म्हणून आधी रिकामी अवतरणचिन्हे अवश्य द्यावीत. ‘स्टार्ट’ नसल्यास अ‍ॅक्सेस बंद होईपर्यंत बॅच फाइल थांबून राहते.

तिसरे उत्तर: खातेदारांच्या माहितीचे संरक्षण मात्र कृपया या संकेतांकावर सोपवू नये, कारण बॅच फाइल नोटपॅडमध्ये कोणीही बदलू शकतो.