मदत हवी आहे: कोवळ्या रानभाज्या खात्रीने कशा ओळखायच्या?

नमस्कार. आमचं वावर रेणापूर तालुक्यात, राहणं लातूरला. पाऊस झाला की बांधावर आणि पांदणीत तरोटा, कुंजर, घोळ, पाथरी, आघाडा असं बरंच उगवतं. सासूबाई हिंडत्याफिरत्या होत्या तोवर त्याच ओटीत खुडून आणायच्या. आता गुडघ्यांमुळे त्यांना बांधापर्यंत जाववत नाही. मी फोटो काढून दाखवला की म्हणतात, "फोटोत काय कळतंय, हातात दे." मग पान चुरगळून वास घेणार, देठ मोडून बघणार, तेव्हा कुठे नाव सांगणार.

माझी अडचण अशी की भाजी खाण्याजोगी असते तेव्हा तिला ना फूल असतं ना शेंग. आणि माहिती बघावी तर सगळीकडे फुलांचेच फोटो. ओळख पटवणारं अ‍ॅप एकाच रोपाला सकाळी एक नाव देतं, संध्याकाळी दुसरं.

सगळ्यात जास्त धास्ती तरोटा आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कासविंद्याची आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं मेंदू-यकृताच्या आजाराने दगावली, त्याचा संबंध कासविंद्याच्या बियांशी जोडला गेला, असं वाचलं. घरात लहान मुलगा आहे, म्हणून विचारते. दुसरं म्हणजे, चीक निघाला की ती वनस्पती सोडायची, असं एक जण म्हणाले. पण पाथरीला तर चीक असतो आणि ती आमच्याकडे कच्चीच, मीठ-तेल लावून भाकरीबरोबर खातात! मग धरायचं काय?

बालाघाटकर:
ताई, चिकाचा नियम सरसकट लावू नका. तो घोळीपुरता कामाचा आहे. घोळीसारखीच जमिनीलगत पसरणारी दुधी असते, काही जण तिला नायटी म्हणतात. देठ मोडला की तिच्यातून पांढरा चीक येतो, घोळीतून येत नाही. शिवाय घोळीचं पान गुबगुबीत, बोटात दाबलं तर पाणी सुटतं, दुधीचं पातळ. फूल आलंच तर घोळीचं पिवळं असतं. घरात कुणाला मुतखडा असेल तर मात्र घोळ बेतानेच करा, तिच्यात ऑक्झलेट भरपूर असतं.

आता तरोटा. पानाच्या एका काडीवर पानुल्या, म्हणजे जोडीजोडीने लागलेली छोटी पानं, मोजा. तरोट्याला बहुतेक तीन जोड्या, आणि प्रत्येक पानुली टोकाकडे रुंद, गोलसर. कासविंद्याला चार-पाच किंवा जास्त जोड्या, पानुली टोकाला निमुळती. आणखी एक खूण आहे, ती पाहायला डोळे बारीक करावे लागतात: पानाच्या काडीवर एक बारीक गाठ असते. तरोट्यात ती खालच्या पानुल्यांच्या जोडीजवळ, कासविंद्यात काडीच्या अगदी बुडाशी. वासावर जाऊ नका, दोन्ही उग्रच. अगदी दोन-चार पानांचं रोप असेल तर या खुणाही नीट दिसत नाहीत, ते राहू द्या.

फुलाचं म्हणाल तर उपाय जुनाच आहे. ज्या रोपाची पानं खुडायची तिथलंच एखादं रोप तसंच सोडा, शेजारी काडी रोवा. पुढे त्याला शेंग येईल. तरोट्याची शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, कडा फिकट. यंदा कोवळं रोप आणि त्याचीच शेंग दोन्ही पाहिलीत की पुढच्या पावसाळ्यात अ‍ॅप उघडायची गरज राहणार नाही. पण एका हंगामात एक-दोनच भाज्या धरा. सगळ्या एकदम शिकायला गेलं की सगळ्याच अर्धवट राहतात.

खतदुकानवाला, परभणी:
ओळख बरोबर असूनही माणूस फसतो तो तणनाशकाने. आपल्याकडे रान सगळं सोयाबीनचं. पेरल्याबरोबर एक फवारा आणि पंधरा-वीस दिवसांनी दुसरा, हे आता नेहमीचं झालंय. फवारल्यावर पहिले काही दिवस कुंजर न् तांदुळजा चांगला हिरवागार दिसतो, म्हणून लोक बिनधास्त खुडतात. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या धुऱ्यावरचं काही आणू नका. रस्त्याकडेचं, नालीकाठचं तर नकोच.

आणि तांदुळजा खुडताना मूठभर ओरबाडू नका, एकेक शेंडा बघून घ्या. उकिरड्याजवळ त्यातच धोतऱ्याची रोपं उगवतात. धोतऱ्याचं पान बुडाशी दोन्ही बाजूंनी सारखं नसतं, एक बाजू खाली उतरलेली. खाल्ल्यावर तोंड कोरडं पडलं, डोळ्यांची बुबुळं मोठी झाली, माणूस बरळायला लागला तर घरगुती उपाय न करता 108 ला फोन करा आणि उरलेली भाजी दवाखान्यात सोबत न्या.

ऑगस्टच्या सुमारास कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात. तिथे भाजी घेऊन बसलेल्या बायकांना विचारा, त्या हातात देऊन सांगतात. सासूबाईंना जमलं तर गाडीत घालून न्या.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. गाठीची खूण आज बघितली, भिंग लागलं पण दिसली. बांधावरचा आमचा तरोटाच निघाला, तीन जोड्या. सासूबाई म्हणाल्या, "हे मला विचारलं असतं तर?" आता काडी रोवून एक रोप सोडलंय. एक राहिलं: कुंजर आणि काटेमाठ कोवळेपणी वेगळे कसे काढायचे? काटे तर नंतर येतात.