ऑस्कर माशाच्या डोक्यात खड्डे पडले आहेत, सहा दिवस उपाशी आहे. तातडीने मदत हवी आहे

लाटालहरी
नमस्कार. आमच्या ऑस्करच्या कपाळावर, डोळ्यांच्या किंचित वर, टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसत होती. गेल्या आठवड्याभरात त्यांतली दोन ज्वारीच्या दाण्याएवढी झाली असून त्यांच्या तोंडाशी पांढरा चिकट पदार्थ दिसतो. सहा दिवस त्याने अन्नाला तोंड लावलेले नाही, विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी आहे आणि अंगावरचा नारिंगी रंग काळवंडला आहे. दुकानदाराने दिलेले निळे औषध तीन दिवस घातले, पण उपयोग झाला नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ आहे, तेव्हा कृपया पाण्याविषयी सांगू नये. कोणते औषध द्यावे आणि किती, एवढेच कोणीतरी खात्रीने सांगावे. हा मासा सात वर्षे आमच्याकडे आहे. मी घरात शिरले की तो काचेशी यायचा, आता वळूनही पाहत नाही.

काचघर
टाकीची लांबी, रुंदी आणि उंची किती आहे? सोबत आणखी मासे आहेत का? फिल्टर कोणता आहे आणि तो कसा धुता? पाणी शेवटचे कधी व किती बदलले? खायला काय देता? ही माहिती मिळाल्याशिवाय औषधाचे प्रमाण कोणालाही सांगता येणार नाही, कारण ते पाण्याच्या लिटरांवर ठरते.

भांडुपकर
यात विचारण्यासारखे काही उरलेले नाही. डोक्यातील खड्डे आणि पांढरी विष्ठा म्हणजे आतड्यातील हेक्सामिटा हा परजीवी, आणि त्यावर औषध मेट्रोनिडाझोल. ३८ लिटर पाण्याला २५० मिलिग्रॅम या प्रमाणात पाच दिवस द्यावे. फिल्टरमधील कोळसा आधी काढावा, नाहीतर तो औषध शोषून घेईल. माझा फ्लॉवरहॉर्न मासा अशाच चर्चेत आठवडा गेल्यामुळे दगावला, म्हणून कळकळीने सांगतो की उशीर करू नका.

जलतरंग
गोळ्यांच्या मागे लागण्याआधी जंगली बदामाची सुकून गळलेली पाने टाकून पाहावीत. मुंबईत ही झाडे गल्लोगल्ली आहेत. माझ्या बेट्टा माशांचे कुजलेले पर याच पानांनी बरे झाले.

लाटालहरी
टाकी चार फुटी आहे. फिल्टर दर रविवारी नळाखाली अगदी स्वच्छ धुते, त्यामुळे तिकडे दोष असण्याचे कारण नाही. पाणी कमी झाले की वर भरते. सगळी टाकी दिवाळीत धुतली होती. सोबत फक्त एक प्लेको मासा आहे. खाण्याबद्दल म्हणाल तर दाणे असतातच, शिवाय सासरे त्याला रोज रात्री चिकनचे तुकडे देतात आणि रविवारी कुर्ल्याच्या बाजारातून छोटे गोल्डफिश आणतात. आता कृपया औषध सांगा.

औदुंबर
ऑस्कर फूटभर वाढतो, त्यामुळे पुढेमागे आपण सहा फुटी टाकी घ्यालच, म्हणून आधीच सांगतो. ६ बाय २ बाय २ फुटांच्या टाकीत नुसते पाणीच सुमारे ६८० किलो असते. इमारत जुनी असेल तर ती खोलीच्या मध्यभागी ठेवू नये. तुळईच्या वर, भिंतीला लागून ठेवावी आणि त्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याला जागा दाखवावी.

काचघर
दिवाळीनंतर थेट जुलै म्हणजे जवळपास नऊ महिने पाणी बदललेले नाही. उडते ते पाणी. विष्ठेतून तयार झालेले नायट्रेट आत साठतच राहते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. तानसा, वैतरणा, भातसाचे आपले पाणी मृदू आहे, म्हणजे त्यात कार्बोनेट मुळातच कमी असते. फिल्टरमधील जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करताना पाण्यातील कार्बोनेट वापरून टाकतात. ते संपले की सामू, म्हणजे पीएच, घसरत जातो आणि सहाच्या आसपास हे जिवाणूही मंदावतात. त्यातच दर रविवारी क्लोरीनच्या नळाखाली आपण त्यांना धुऊन काढत आहात आणि निळे औषध, जे बहुधा मिथिलीन ब्लू असावे, तेही त्यांना मारते.

एक गोष्ट कृपया लक्षपूर्वक वाचावी. माझे बोलणे पटले म्हणून आज रात्रीच अर्धी टाकी रिकामी करू नका. आम्लयुक्त पाण्यात अमोनिया कमी घातक अशा अमोनियम रूपात असतो. नळाचे पाणी एकदम ओतून सामू वर गेला की त्याचेच विषारी अमोनियात रूपांतर होते आणि मासा तासाभरात तडफडू लागतो. आधी चाचणीच्या पट्ट्या आणून टाकीचे व नळाचे, दोन्ही आकडे येथे द्यावेत.

जलतरंग, आपला अनुभव बेट्टासाठी योग्य असेल, पण ती पाने सामू आणखी उतरवतात. या टाकीत ती टाकू नयेत.

जलतरंग
टाकीचा सामू घसरलेला असू शकतो हे मला ठाऊक नव्हते. माझी सूचना मी मागे घेतो.

लाटालहरी
क्रॉफर्ड मार्केटमधून पट्ट्या आणल्या. नायट्रेटचा रंग तक्त्यातील सर्वांत गडद खुणेपाशी आहे. सामू ६ आहे, म्हणजे पट्टीवरचा सर्वांत खालचा आकडा. नळाचा साडेसातच्या जवळ आहे. अमोनियाही दिसतो आहे. टाकी ४ बाय दीड बाय दीड फूट आहे. पहिल्या दिवशी चिडून लिहिले, त्याबद्दल क्षमस्व. आता काय करू?

काचघर
ती टाकी काठोकाठ २५५ लिटरची होते. खडे आणि वरची रिकामी जागा वजा जाता सुमारे २२५ लिटर धरू. रोज २५ लिटर पाणी बदलावे, आदल्या रात्री बादलीत भरून त्यात क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे विरघळवावेत. तळातील घाण थोडी थोडी नळीने ओढून घ्यावी. फिल्टरचा स्पंज यापुढे टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. फिल्टरमध्ये कोरलचा चुरा जाळीच्या पिशवीत ठेवल्यास कार्बोनेट हळूहळू भरून येईल. चिकन पूर्ण बंद करावे, कारण ती चरबी या माशाला नीट पचत नाही. गोल्डफिशमध्ये जीवनसत्त्व ब१ नष्ट करणारे विकर (एन्झाइम) असते आणि ते सोबत रोगही आणतात.

भांडुपकर
पाणी सुधारायला हवे हे मान्य आहे. पण सहा दिवस उपाशी असलेल्या माशाच्या आतड्यातील परजीवी पाणी बदलून जात नाहीत. औषध न देता वाट पाहणे मला धोक्याचेच वाटते.

काचघर
औषध देऊ नये असे माझे म्हणणे नाही, क्रम बदलावा एवढेच आहे. हे परजीवी धडधाकट माशाच्या आतड्यातही असू शकतात आणि तो खंगला की वाढतात. नुसते खड्डे असते तर मी पाण्यावर व आहारावर थांबलो असतो. पांढऱ्या विष्ठेमुळे आपला तर्क मला पटतो. अमोनिया शून्यावर आला की आपल्याच प्रमाणाने २२५ लिटरला सुमारे दीड ग्रॅम, म्हणजे ४०० मिलिग्रॅमच्या जवळपास चार गोळ्या, कुटून व कोमट पाण्यात कालवून द्याव्यात. मासा खाऊ लागला तर औषध दाण्यांतून देणे अधिक परिणामकारक ठरते. या गोळ्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत, म्हणून पशुवैद्यांना हे आकडे दाखवावेत. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत माशांचे आरोग्य हा अभ्यासाचाच विषय आहे. तेथेही विचारून पाहावे.

लाटालहरी
आज बारावा दिवस. अमोनिया पाचव्या दिवशी शून्यावर आला, सामू ६.८ आहे आणि नायट्रेट दोन खुणा खाली उतरले आहे. पशुवैद्यांनी तेच प्रमाण लिहून दिले आणि पाच दिवसांचे औषध काल संपले. खड्डे तसेच आहेत, पण त्यांतून पांढरे येणे थांबले आहे. आज सकाळी सासऱ्यांनी टाकलेल्या दाण्यांपैकी तीन त्याने खाल्ले, एक थुंकून पुन्हा घेतला. चिकन बंद केल्याचे त्यांना फार वाईट वाटले होते; आता रोजचे २५ लिटर पाणी तेच भरून ठेवतात.

भांडुपकर
खड्डे भरायला महिने लागतात आणि थोडा व्रण राहू शकतो, त्यामुळे घाबरून औषधाचा दुसरा फेरा लगेच करू नका. विष्ठेचा रंग पाहत राहा आणि येथे कळवा.