सगळ्या आरोग्यशाखांचं पहिलं वर्ष एकत्र का नको?

कूस_बदल: मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नर्सिंगच्या मुलींशी पहिल्यांदा नीट बोलले ती थेट वॉर्डात पोस्टिंग लागल्यावर. पक्षाघाताच्या एका आजोबांना मी व्यायामाला बसवायचे, तीच वेळ नेमकी त्यांची कूस बदलण्याची आणि औषधांची असायची. आठवडाभर आम्ही एकमेकींवर नुसत्या चिडत होतो आणि दमत होते आजोबा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्येच आराखडा काढून सांगितलंय, की वेगवेगळ्या शाखांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकावं. मग शरीररचना, शरीरक्रिया आणि रुग्णाशी बोलणं हे तीन विषय तरी पहिल्या वर्षी सगळ्यांना एकाच वर्गात शिकवावेत.

दुसरं_वर्ष_मेडिकल: अजिबात पटत नाही. ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणारं नसांचं जाळं, त्याची शाखा न् शाखा आम्हाला पाठ लागते. फार्मसीवाल्यांना त्याचा काय उपयोग? त्यांना रसायनशास्त्र खोलात हवं. असा वर्ग कुणालाच पुरा पडणार नाही.

कूस_बदल: ब्रॅकियल प्लेक्सस आम्हालाही तितकाच लागतो हो! खांदा आणि हात हेच तर आमचं रोजचं काम. हे तुम्हाला माहीत नसणं, हाच माझा मुद्दा आहे.

दुसरं_वर्ष_मेडिकल: मान्य, ते माहीत नव्हतं. फार्मसीचा प्रश्न मात्र उरतोच.

गोळी_मोजणारा: फार्मसीच्या बाजूनं मी सांगतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. शिकाऊ असताना माझ्या हातात 'रोज' लिहिलेली चिठ्ठी आली. डॉक्टरांना फोन करायला मला वीस मिनिटं लागली, कारण तोवर एकाही डॉक्टरशी बरोबरीनं बोललोच नव्हतो. शरीररचना वेगळी शिकवा, पण ही भीती कॉलेजातच मोडली पाहिजे.

नर्सिंग_शिक्षिका: हेतू चांगला आहे, पण पहिल्या वर्षाला माझा विरोध आहे. ज्याला स्वतःचं काम अजून कळलेलं नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? एकत्र तासांना मी पाहिलंय, मेडिकलची मुलं बोलतात आणि माझ्या मुली वही भरतात. तुम्हाला मोडायची आहे ती उतरंड अशानं पहिल्याच वर्षी पक्की होते. तिसऱ्या वर्षी, एकाच रुग्णाभोवती चौघांना बसवा.

दुसरं_वर्ष_मेडिकल: आणि त्यानं रुग्ण वाचतात का? जागतिक आरोग्य संघटनेचीच २००८ ची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी घ्या. छेद घेण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, असं त्यात आहे. आठ रुग्णालयांच्या पहिल्या अभ्यासात मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. पुढे कॅनडातल्या ऑन्टारिओत १०१ रुग्णालयांनी ती वापरली, तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही.

कूस_बदल: मला त्यातून उलटंच दिसतं. नुसता कागद भरून घेतला तर माणसं बोलायला लागत नाहीत, ती सवय आधी लागावी लागते. बाईंचं मात्र पटलं. शरीररचनेचा हट्ट सोडते, पण तिसऱ्या वर्षापर्यंत थांबायची तयारी नाही. दुसऱ्या वर्षापासून आठवड्यात एक तास, चार शाखांचे चौघे, एक खरा रुग्ण.

नर्सिंग_शिक्षिका: चालेल. पण त्या तासाला पहिलं बोलायचं ते नर्सिंगच्या विद्यार्थिनीनं. रात्रभर त्या रुग्णापाशी तीच असते.