ऑप्शनल पेपर मार्कांचा घ्यावा की कामाचा?

फॉर्म_अडकलाय: मंडळी, तीन वर्षांच्या एलएलबीचं शेवटचं वर्ष, ऑप्शनलचा फॉर्म शनिवारपर्यंत द्यायचाय. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत 20 सक्तीचे, 4 क्लिनिकल (प्रात्यक्षिकाचे) आणि निदान 6 ऐच्छिक पेपर सांगितलेत, ऐच्छिकची यादी वाचून तोंडाला पाणी सुटतं, पण आमच्याकडे अर्धे विषय 'शिकवायला सर नाहीत' म्हणून बंद. उरलं ह्युमन राइट्स किंवा बँकिंग. पुढे तालुका कोर्टातच बसायचंय, तिथे बोर्डावर कलम 138 च्या, म्हणजे चेक बाउन्सच्या केसेसच केसेस, म्हणून मी बँकिंग म्हणतोय. सगळे सीनियर ओरडतायत ह्युमन राइट्स घे, साठच्या खाली कोणी येत नाही. बोला.

मार्कवाला: सीनियर बरोबर आहेत. 138 तू कुठल्याही वकिलाकडे दोन महिन्यांत शिकशील, नोटीस 30 दिवसांत, पैसे द्यायला 15 दिवस, संपलं. मार्कलिस्ट मात्र जन्मभर तीच राहते. उद्या एलएलएम करावंसं वाटलं तर?

निशाणी_पाच: संपलं?? त्यानंतर एका महिन्यात तक्रार दाखल करायची ते कोण सांगणार, नेमकं तिथेच नवीन पोरं आपटतात 😄

फॉर्म_अडकलाय: @मार्कवाला एलएलएम डोक्यातच नाही ओ.

निशाणी_पाच: मला तर हा वादच फुकटचा वाटतो. माझं सांगतो, सीपीसी, म्हणजे दिवाणी दावे कसे चालवायचे तो कायदा, गाइडवर काढला, मार्क छान. पहिल्या आठवड्यात सरांनी सातबारा हातात दिला, बांधाचं भांडण, म्हणाले संध्याकाळपर्यंत निशाणी 5 तयार ठेव. मी आपला फाइलीतलं पाचवं पान शोधत बसलो. क्लार्क हसून म्हणाला, अहो वकीलसाहेब, मनाईचा अर्ज, ऑर्डर 39. तेव्हा ऑप्शनल काय वाटेल ते घे, सक्तीचे पेपर मात्र बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचं मूळ पुस्तक, उघडून वाच.

मार्कवाला: म्हणजे माझंच म्हणणं झालं की! ऑप्शनल सोपा घे म्हणजे सीपीसीला वेळ उरतो.

निशाणी_पाच: हो का, वाचलेला वेळ सीपीसीला देणारा एक पोरगा दाखव मला.

काळा_कोट_ताई: मी बँकिंगच्या बाजूने. मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून जज्जच्या परीक्षेला तीन वर्षं प्रॅक्टिस लागते, म्हणजे तिकडे जाणाऱ्यांनाही आधी कोर्टात उभं राहायचंच आहे. एआयबीईचं, म्हणजे वकिलीसाठीच्या बार परीक्षेचं म्हणाल तर तिथे 100 पैकी सीपीसीवर 10 प्रश्न आणि बेअर ॲक्ट आत नेता येतो, त्यामुळे तिचं टेन्शन ऑप्शनल निवडताना कशाला. पण एक विचारू, बँकिंग शिकवणारे सर तरी येतात का? आमच्याकडे वेळापत्रकात तास असायचा, वर्गात फळा.

फॉर्म_अडकलाय: ताई, येतात, पण आठवड्यातून एकदा, सकाळी सातला, आणि लगेच कोर्टात पळतात.

काळा_कोट_ताई: कोर्टात पळतात ना? मग डोळे झाकून बँकिंग घे आणि त्यांच्याच गाडीवर मागे बस.

मार्कवाला: एटीकेटी लागली की ताईंना टॅग कर.