पेगफिलग्रास्टिम: पॉलिमर जोडल्यावर प्रथिनाचे काम अडत नाही का?

प्रश्न (विद्यार्थिनी, ठाणे)

नमस्कार. माझ्या आत्याची खारघरला केमोथेरपी सुरू आहे. पांढऱ्या पेशी फार घटू नयेत म्हणून तिला प्रत्येक फेरीनंतर पेगफिलग्रास्टिमचे एकच इंजेक्शन देतात; साधे फिलग्रास्टिम मात्र रोज टोचावे लागते. मी जैवरसायन शिकते, त्यामुळे हा फरक पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या, म्हणजे पेगच्या साखळीमुळे पडतो एवढे ठाऊक आहे. परंतु मूळ प्रथिन सुमारे १९ हजार डाल्टनचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) आणि साखळी २० हजारांची असेल, तर त्या प्रथिनाला पेशीवरील रिसेप्टरपर्यंत, म्हणजे औषध जेथे जोडले जाऊन काम करते त्या जागेपर्यंत, पोहोचता तरी कसे येते?

उत्तर १ (औषधनिर्मिती संशोधन, कोपरखैरणे)

काही अंशी काम अडतेच, आणि ते गृहीत धरूनच अशी औषधे घडवली जातात. हिपॅटायटिस सी साठी वापरलेल्या पेगइंटरफेरॉन अल्फा-२ए ची (इंटरफेरॉन या विषाणूरोधक प्रथिनाला पेग जोडलेले औषध) प्रयोगशाळेतील विषाणूरोधक क्रिया मूळ इंटरफेरॉनच्या सुमारे ७ टक्केच उरते, तरीही ते रक्तात इतके अधिक काळ टिकते की आठवड्यातून एकदा दिलेले औषध तीनदा दिलेल्या साध्या इंटरफेरॉनपेक्षा सरस ठरले.

पेगफिलग्रास्टिममध्ये साखळी कोठे जोडायची हे फार विचारपूर्वक ठरवलेले आहे. फिलग्रास्टिममध्ये लायसिन या अमिनो आम्लाचे चार घटक आहेत, आणि प्रत्येकावर साखळी जोडली जाऊ शकेल असा अमिनो गट असतो. त्यांवर साखळ्या कशाही बसल्या तर निरनिराळ्या रेणूंचे मिश्रण तयार होते. म्हणून आम्लधर्मी द्रावणात, पीएच ५ च्या आसपास, अभिक्रिया करतात. तेथे लायसिनचे अमिनो गट प्रोटॉन घेऊन निष्क्रिय झालेले असतात, तर प्रथिनाच्या आरंभीच्या मेथिओनिन या अमिनो आम्लाचा अमिनो गट अभिक्रियेस उपलब्ध राहतो आणि साखळी मुख्यतः तेथेच जोडली जाते.

शिवाय पेग भरपूर पाणी धरून ठेवते, त्यामुळे रेणू वजनाच्या मानाने पुष्कळ फुगतो आणि मूत्रपिंडातून गाळला जात नाही. मग तो शरीरातून जातो मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या वाटे. मला यातील सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो: पेशी कमी असतात तोवर औषध रक्तात राहते, आणि पेशी वाढल्या की त्याच ते संपवतात.

उत्तर २ (एन्झाइम प्रक्रिया, रबाळे एमआयडीसी)

उद्योगात प्रश्न वेगळा असतो, कारण तेथे एन्झाइम पुन्हा वापरता यावे लागते. पेनिसिलिन अॅसायलेज हे एन्झाइम पॉलिमरच्या मण्यांवर पक्के बसवून त्याच्याकडून पेनिसिलिन जीपासून ६-एपीए (इतर पेनिसिलिने बनवण्यासाठीचा गाभा) करवून घेतात, आणि नंतर मणी गाळून पुढच्या घाण्यात वापरतात. प्रथिन अनेक ठिकाणी बांधले गेल्याने त्याची घडी सहज उलगडत नाही. थोडी क्रियाशीलता गेली तरी हा सौदा परवडतो. १९८० च्या दशकात जपानी संशोधकांनी पेग जोडलेले लायपेज (मेद तोडणारे एन्झाइम) बेंझिनसारख्या सेंद्रिय द्रावकामध्येही विरघळवून चालवून दाखवले होते.

उत्तर ३ (औषधशास्त्र, नेरूळ)

एक गोष्ट राहिली. शरीर पेगविरुद्धही प्रतिपिंडे तयार करू शकते. संधिवाताच्या जुनाट गाऊट प्रकारासाठीचे, २०१० साली अमेरिकेत मंजूर झालेले पेग्लोटिकेज हे युरिक आम्ल तोडणारे पेगयुक्त एन्झाइम अनेक रुग्णांमध्ये याच कारणाने निष्प्रभ ठरते. म्हणून प्रत्येक मात्रेपूर्वी युरिक आम्ल तपासतात, आणि प्रतिपिंडे रोखण्यासाठी सोबत मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती मंदावणारे औषध देतात. आत्यांना पूर्वी कोणत्याही पेगयुक्त औषधाची अॅलर्जी आली असेल, तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगा.