देखणा हेडफोन, पण आवाज दबका : इक्वलायझरने सुधारेल की परत करू?

मदत हवी आहे. नवीन ब्लूटूथ हेडफोन घेतलाय, पूर्ण कान झाकणारा. लाकडी कप, मऊ गाद्या, वजनाला हलका. दिसायला खरंच सुंदर आणि तासन्‌तास घातला तरी कान दुखत नाहीत. पण आवाजाने फार निराशा केली. मी मुख्यतः शास्त्रीय संगीत ऐकते. डग्ग्याची घुमक सगळ्यावर पसरते, तबल्याची चाट बोथट वाटते आणि तानपुऱ्याची जवारी (तारांचा झणझणता, गुंजणारा नाद) तर जवळजवळ गायबच. गायकाचा आवाज पडद्याआडून आल्यासारखा येतो.

करून पाहिलेलं: फोनमध्ये कोडेक (ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची पद्धत) एसबीसीवरून एएसी केला, फरक जाणवला नाही. नॉइज कॅन्सलिंग बंद केलं, फर्मवेअर अपडेट केलं. ३.५ मिमीची वायर लावून, हेडफोनची पॉवर बंद ठेवूनही ऐकलं. घुमक थोडी कमी झाली, पण दबकेपणा तसाच. त्याच फोनवर, त्याच फाइल्स साध्या वायरच्या इयरफोनवर स्वच्छ ऐकू येतात, म्हणजे दोष फोनचा किंवा रेकॉर्डिंगचा नसावा. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये फक्त 'बास' आणि 'ट्रेबल' आहेत. ट्रेबल वाढवला की 'स', 'श' कानाला टोचतात, जवारी मात्र उघडत नाही.

फोन अँड्रॉइड आहे. चष्मा नाही, त्यामुळे गाद्या नीट बसतात. वॉरंटी असल्याने उघडून काही करायचं नाही. कानात घालायचे इयरफोन मला सोसत नाहीत, तेव्हा तो पर्याय कृपया सुचवू नका. परत करण्याची मुदत या आठवड्यात संपतेय.

पॅरामेट्रिक इक्वलायझरने (हवा तो ध्वनिपट्टा निवडून कमी-जास्त करता येतो असा) २०० ते ३०० हर्ट्झ कमी करून ३ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं वाढवलं तर हा दबकेपणा जाईल का, की ड्रायव्हरच (हेडफोनमधला स्पीकर) असा असेल तर परत करणंच बरं?